कुंकू लावलेली बॅटरी

धोंडुबाईला सुनेचं एक वागणं मुळीच पटत नव्हतं. कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी वर्षाराणी ती दहादा बघायची. गवताचा भारा उचलायचा तर आधी त्याच्या भोवतीनं फिरून यायची. दूध तापत ठेवायचं तर आधी गॅसची नळी वाकून बघायची. आणि दुधाची पिकअप काढायची म्हणजे तर सोहळाच. चाकाखाली वाक, बॉनेट उघड, तेलाची कांडी काढ, पूस, परत घाल, परत काढ. कृष्णात, म्हणजे धोंडुबाईचा लेक, असली नाटकं करत नसे. तो बसायचा आणि किल्ली मारायचा. गाडी अंगणाबाहेर पडेपर्यंत त्याचा एक पाय अजून दारातून लोंबत असायचा. गाडी हाकावी तर अशी, असं तिचं मत होतं.

सव्वा महिन्यापूर्वी वैरणीच्या ट्रॉलीवरनं पडून कृष्णातचा पाय मोडला आणि किल्ली सुनेच्या हातात आली. तेव्हापासून रोज सकाळी धोंडुबाई ओसरीच्या खांबाला टेकून तो सोहळा बघत उभी राहायची.

"गाडी हाय का नवरी गं? किती न्याहाळशील?"

"बघते, आत्ती. झालंच." एवढंच उत्तर. आवाज चढवणं नाही, हात थांबवणं नाही.

त्यात तिला खडूचा नाद. जे काही फिरतं, सरकतं, सैल होतं, त्याच्यावर एक पांढरी रेघ. चाकाच्या नटांवर रेघ, गोठ्यातल्या नळाच्या चावीवर रेघ, गाडीच्या सीटखालच्या तांबड्या खटक्यावरही रेघ. रेघ जुळली नाही की कुणीतरी हात लावलाय, हे तिला कळायचं. आपल्याच घरात आपल्यावर पाळत, असं धोंडुबाईला वाटायचं. शेजारच्या शालूबाईला ती सांगायची, "बापाला एक डोळा, आन पोरीला चार." व्याह्यांच्या डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं होतं. लग्नात तिच्या ध्यानात तेवढंच राहिलेलं. ते कशानं पडलं, हे मात्र तिनं सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सात वाजता अंगणात सात कॅन भरून तयार होते. बेचाळीस घरांचं सकाळचं दूध. चैत्राचं ऊन डोंगरावरनं उतरून गोठ्याच्या पत्र्यापर्यंत आलेलं. दूध थंड करायचं शीतकेंद्र गारगोटीच्या अलीकडे, पस्तीस-चाळीस मिनिटांवर, आणि साडेआठला तिथलं दार बंद. त्यानंतर दूध घेऊन जा नाहीतर ओतून टाका, कुणी विचारत नसे.

त्यात आदल्या दिवशीची कुरकुर ताजी होती. कृष्णातच्या पायातली तार काढायची म्हणून वर्षाराणी त्याला घेऊन एसटीनं कोल्हापूरला दवाखान्यात गेली होती. त्याला तिथं ठेवून शेवटच्या गाडीनं आली, ती भाकरीचे दोन घास खाऊन आडवी झाली. त्यामुळं वरच्या दोन वाड्यांचं सांजचं दूध आणायला कुणी गेलंच नव्हतं. आज सकाळचंही गेलं नाही तर लोक दुसऱ्या डेअरीच्या गाडीला दूध घालणार, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं धोंडुबाईच्या अंगणातनं एक दिवसही दूध परत गेलं नव्हतं. ती गोष्ट ती मंगळसूत्रासारखी जपत आली होती.

कॅन चढवले. वर्षाराणीनं तिचा सोहळा उरकला, आत बसली, किल्ली फिरवली.

टक्.

परत फिरवली. टक्. डॅशबोर्डवरचे दिवे विडीच्या टोकासारखे लाल झाले आणि विझले.

अंगणात रिकाम्या किटल्या घेऊन उभी असलेली माणसं बॉनेटपाशी जमली. धोंडुबाई खांबाआड सरकली. कारण गाडीला काय झालंय ते अख्ख्या वाडीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. ह्या गाडीला बॅटऱ्या दोन. केबिनच्या मागं लोखंडी पेटीत शेजारीशेजारी बसवलेल्या. वरच्या वाड्यांवर लाइटीचा भरवसा नसतो, तिथं फॅट बघायचं मशीन आणि काटा चालायला पाहिजे, म्हणून कृष्णातनं दुसरी बॅटरी बसवून घेतली होती. बसवली त्या दिवशी धोंडुबाईनं पेटीत डोकं घालून विचारलं होतं, "दोन कशाला रं? एका गाडीला दोन जीव?"

"एक इंजिनची, आई. एक मशीनची. मशीननं दुसरी संपवली तरी पहिली शाबूत. गाडी घरला येती."

"आन सीटखालचा हा तांबडा खटका?"

"ह्यो फिरवला की दोन्ही एक व्हत्यात. अडलं तरच फिरवायचा."

तिनं ते लक्षात ठेवलं होतं. नको तेवढं लक्षात ठेवलं होतं.

काल दिवस मावळताना लाइट गेली आणि नेमकी तेव्हाच म्हैस वेणा द्यायला लागली. लेक दवाखान्यात, सून एसटीत. धोंडुबाईनं कृष्णातनं जुन्या हेडलाइटचा केलेला दिवा काढला, लांब वायर गाडीच्या मशीनच्या सॉकेटात खुपसली आणि गोठा उजळला. तासाभरात रेडकू अर्धं बाहेर आलेलं असताना दिवा पिवळा पडला. तिच्या दोन्ही हातांना चिकट लागलेलं. तशीच पळत गेली, सीटखाली हात घातला, खटका फिरवला. दिवा भक्कन पेटला. तेव्हा तिला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं! रेडी झाली. पडलेल्या वारेच्या वासानं कुत्री येतील, म्हणून दिवा तसाच ठेवला. पहाटे बघते तर दिव्यातली तार निखाऱ्यासारखी नुसती लाल. वायर गुंडाळून खुंटीला लावली. खटका परत होता तसा केला. आणि कुणाला बोलली नाही.

आता वर्षाराणी खाली उतरली. सीट उचलून खटक्याकडं वाकली. त्यावरची खडूची रेघ पुसली गेली होती आणि तिथं बोटांचे वाळके, तपकिरी ठसे होते. तिनं ते बघितलं. मग तिची नजर वर आली, खुंटीवरच्या वायरीवर गेली, गोठ्यातल्या ओल्या रेडीवर गेली आणि शेवटी सासूवर येऊन थांबली. धोंडुबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"दोन्ही बॅटऱ्या बसल्यात," वर्षाराणी माणसांकडं वळून म्हणाली. "व्हतंय असं कधीकधी."

बस्स. धोंडुबाईला वाटलं होतं की आता सगळ्यांसमोर सुनेला तोंड फुटणार. उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. ते तोंडातच राहिलं आणि तिथंच आंबायला लागलं.

कृष्णातला फोन लावला तर बंद. त्याला ऑपरेशनला आत घेतला असणार.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. उदयसिंहचा खडीचा डंपर. अंगणाच्या तोंडाशी उभ्या गाडीनं अर्धी वाट अडवलेली, म्हणून तो खिडकीतनं अर्धा बाहेर आला. गॉगल, गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात मावा.

"काय धोंडूकाकी, सूनबाईनं गाडी निजवली व्हय?"

"बॅटरी बसलीया, बाबा. बघ की जरा काय हुतंय का."

"त्यात काय बघायचं! आपल्या डंपरलाबी दोनच बॅटऱ्या हायत. जोडतो आन उठवतो. मेलेलं मढं उठंल एवढी ताकद हाय हिच्यात."

धोंडुबाईच्या जिवात जीव आला. पण वर्षाराणी गाडीच्या पेटीपुढं जाऊन उभी राहिली. नुसती उभी.

"नको, भाऊजी. तुमच्या गाडीवर न्हाय जोडायची."

"का? आमच्या करंटाला विटाळ झालाय का?"

माणसं हसली. धोंडुबाईचं तोंड तापलं. मदत दारात आली आणि ही पोरगी ती माघारी लावतीया!

"तुमची चोवीस व्होल्टाची हाय. आमची बाराची. जळल सगळं."

"दोन तुला, दोन मला. हिशोब एकच की गं," उदयसिंह म्हणाला आणि बाकीच्यांकडं बघून डोळा मारला. "बाईमाणसाच्या हातात किल्ली गेली की असंच. मोबाइलमधी बघून सैपाक करावा, गाडी न्हाय." त्यानं डंपर बांधाकडनं घातला, धोंडुबाईच्या कोथिंबिरीच्या वाफ्यावरनं चाक नेलं आणि धुरळा उडवत गेला.

"वाफा गेला, गाडी उभीच," धोंडुबाई कडाडली. "अगं, त्याला दोन, आपल्याला दोन! डोळ्यांनी दिसतंय की! काय पाप केलतं त्यानं?"

वर्षाराणीनं दूध झाकायला फडकी आणली होती, ती खाली ठेवली. "आत्ती, उतरंड ठाऊक हाय न्हवं? एका मडक्यावर दुसरं. आन दोन मडकी शेजारी मांडली तर?"

"तर काय?"

"शेजारी मांडली तर पाणी दुप्पट, उंची तेवढीच. उतरंडीला उंची दुप्पट. खाली तोटी लावली तर कुठलं पाणी जोरात येणार?"

 धोंडुबाईच्या डोळ्यांपुढं माळावरची पाण्याची टाकी आली आणि तिच्या नळाला धरलेली रबरी नळी, जी दर वेळी सटकून तोंडावर फवारा मारायची.

"त्याच्या बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्यात. उतरंड. आपल्या शेजारी हायत. तो जोर आपल्या वायरीत सोडला तर आधी ही बॅटरी मरंल, मग बाकीचं."

"मग हे आधी सांगायचं न्हाय व्हय त्याला?"

"ऐकणारा दिसला असता तर सांगितलं असतं."

हे उत्तर धोंडुबाईला आवडलं. पण तसं दाखवायचा प्रश्नच नव्हता.

साडेसात वाजत आले. ऊन कॅनला टेकलं. धोंडुबाईनं माळ्यावरनं पोती काढली. निघाली सहा आणि कॅन सात. तिनं क्षणभर बघितलं, वाडीच्या सहा कॅनसाठी पोती भिजवायला दिली आणि सातवा, घरच्या म्हशींच्या दुधाचा, तसाच उघडा ठेवला. त्यात कालचं सांजचं दूधही होतं, रातभर हौदात गार करून ठेवलेलं. पण दुसऱ्याचं आधी झाकायचं, एवढं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शालूबाईच्या दिराचा, आकारामचा, ट्रॅक्टर आला तेव्हा वर्षाराणी पोती भिजवायला हौदावर होती. आकाराम पन्नाशीचा, हाताला हुशार, तोंडात कायम विडी. ट्रॅक्टरही बाराचाच, हे वर्षाराणीनं शालूबाईच्या घरी जाऊन आधीच विचारून ठेवलं होतं. आकारामनं ट्रॅक्टर गाडीच्या अंगाला भिडवला, खाली उतरला आणि पिकअपच्या सीटमागची, दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडायची जंपर वायर उचलली. एक लाल, एक काळी, टोकांना दातेरी चिमटे. महिन्याभरापूर्वी सुनेनं ही वायर कोल्हापुरातनं आणली तेव्हा "घरात दोन साप आणल्यात" म्हणून धोंडुबाईनं दोन दिवस तोंड सोडलं होतं.

"लाल लालला, काळं काळ्याला. ह्यात शिकायचं काय हाय, वैनी?" आकाराम पेटीत वाकला आणि थबकला. "आयला, हितं सगळंच लाल हाय की!"

धोंडुबाई पुढं झाली. पेटीत दोन बॅटऱ्यांचे मिळून चार खुंट होते. चारींवर तेलात कालवलेलं कुंकू, त्यावर धूळ बसून घट्ट पापडी झालेली. पंधरा दिवसांपूर्वी पाडव्याला तिनं गाडी पुजली होती. स्टेअरिंग झालं, चाकं झाली, बॉनेट झालं. मग कृष्णात म्हणाला होता ते आठवलं, की सगळा जीव ह्या पेटीत हाय. ज्यात जीव आहे त्याला कुंकू लावायचं नाही तर कशाला लावायचं? एकाला लावून दुसऱ्याला कोरडं ठेवणं बरं दिसलं नाही, म्हणून चारी खुंटांना भरभरून लावलं होतं.

"ह्यो जरा जास्त लाल दिसतोय," आकाराम विडीआडून म्हणाला. लाल वायर त्यानं ट्रॅक्टरला आधीच अडकवली होती. दुसरं टोक जवळच्या खुंटाला लावलं. मग काळी घेतली. तिचं एक टोक ट्रॅक्टरला लागलं, दुसरं हातात धरून तो परत पेटीवर वाकला. विडीची राख आत पडली.

"मामा, हात वर!"

ओल्या पोत्याचा गठ्ठा जमिनीवर आदळला. वर्षाराणी कशी आली ते धोंडुबाईला कळलं नाही. तिनं आकारामचं मनगट धरलं होतं. काळा चिमटा खुंटापासून बोटभर वर, तोंड वासून.

"विडी टाका. आधी ती विडी टाका. लांब."

पन्नाशीच्या माणसाला सुनेच्या वयाच्या बाईनं असं मनगट धरणं हे काही अंगणात रोज घडत नव्हतं. आकारामनं विडी टाकली. वर्षाराणीनं त्याच्या हातातला काळा चिमटा घेतला, ट्रॅक्टरकडचा सोडवला, मग लाल सोडवली. एकेक, सावकाश, दोन टोकांची गाठ पडू न देता. मग ती गाडीच्या पायरीवर बसली.  आजवर तिला काम अर्धं टाकून असं बसताना धोंडुबाईनं बघितलं नव्हतं.

"काय झालं असतं?" धोंडुबाईनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"उलटी लागली असती. लाल वायर वजाच्या खुंटाला लावली मामांनी. बॅटरीतनं वायू येतोय, आत्ती, दिसत न्हाय. वर ठिणगी पडली की फुटती. आत तेजाब असतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पुराच्या साली आमच्या आप्पांनी ट्रॅक्टर बाहेर काढायला असंच जोडलं. घाईघाईत. पाणी चढाय लागलतं. मी टॉर्च धरून उभी हुते. मला म्हणालं, तू माघारी हो. मी झाले. ते झालं न्हाईत."

शिरोळकडची पोर. कृष्णेचा पूर. डोळ्यातलं पांढरं फूल. धोंडुबाई शालूबाईकडं बघायचं टाळत राहिली, कारण बापाला एक आन पोरीला चार हे शालूबाईनंच शंभरदा ऐकलं होतं, आणि ती आता कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती.

"पुसायला काय लागंल?" धोंडुबाईनं विचारलं.

"कोमट पाणी. आन जुनं फडकं. माझं मी..."

"बस तू." धोंडुबाईनं स्वतः तांब्या आणला, स्वतः पेटीत वाकली आणि स्वतः लावलेलं कुंकू स्वतः पुसलं. पापडी निघता निघेना. तेल, धूळ, कुंकू, सगळं बोटांच्या पेरांत गेलं. एक खुंट निघाला, दुसरा निघाला. तिची बोटं थांबली. परत एकदा तिनं दोन्ही चाचपले.

"वर्षा, हे सारखं न्हाईत की गं. एक जाड हाय, एक बारीक."

वर्षाराणी उठून आली. "जाड तो अधिकाचा."

"म्हंजे आंधळ्यालाबी कळावं, असं केलंय बघ करणाऱ्यानं. आन ही खूण?" पुसलेल्या जागी बॅटरीच्या अंगावर एक फुली उठून आली होती. "ही बेरजेची. बेरीज येती मला. वजाबाकी शिकवायच्या आत शाळा सुटली."

आकाराम मोठ्यानं हसला. त्यालाही कुठंतरी हसायचंच होतं.

"आता दोन्हीतली इंजिनची कुठली, ते बघायचं," वर्षाराणी म्हणाली.

"थांब, मी बघते." जाडजूड वायर धोंडुबाईनं बोटानं धरली आणि तिच्या मागं मागं गेली, पेटीतनं बाहेर, लोखंडी चौकटीवरनं इंजिनाकडं. दुसऱ्या बॅटरीच्या वायरी बारीक, त्या मशीनच्या सॉकेटाकडं वळलेल्या. "ही इंजिनची. बैलाच्या येसणीगत जाड हाय."

"व्हय. दुसरीला हात लावायचा न्हाय. खटका तोडलेलाच ठेवायचा, म्हंजे दोन्ही येगळ्या. न्हाय तर ट्रॅक्टरचा सगळा करंट ती उपाशी पिऊन टाकंल आन पहिलीला काय मिळायचं न्हाय."

खटका तोडलेलाच होता. धोंडुबाईनंच पहाटे तोडला होता. तिनं फडकं पिळलं आणि बाजूला झाली.

मग एकेक गोष्ट झाली आणि अंगणातली सगळी माणसं भटजीभोवती जमावीत तशी बघत राहिली. बॅटरी चिरली नाही, कुठं ओली नाही, हे वर्षाराणीनं बघितलं. आकारामनं ट्रॅक्टर हातभर मागं घेतला, दोन गाड्यांचं लोखंड कुठं टेकता कामा नये म्हणून. दोन्ही बंद. लाल चिमटा पिकअपच्या जाड खुंटाला. लालचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या अधिकाला. काळा चिमटा ट्रॅक्टरच्या वजाला. राहिलं शेवटचं टोक.

"आन हे बारीक खुंटाला," धोंडुबाई म्हणाली.

"न्हाय. हे बॅटरीवर न्हायच लावायचं." वर्षाराणी पेटीपासून चांगली तीन-चार हात लांब गेली, गाडीच्या चौकटीचा एक उघडा, गंज नसलेला बोल्ट शोधला, तोंड बाजूला केलं आणि चिमटा लावला.

चट्. निळसर, ज्वारीच्या दाण्याएवढी ठिणगी उडाली आणि विझली.

धोंडुबाईनं ठिणगीकडं बघितलं. मग वळून पेटीकडं बघितलं, जिथं ती उडाली असती. आकारामनं टोपी काढून कपाळ पुसलं.

ट्रॅक्टर चालू झाला. "आता?"

"आता थांबायचं. पाच-सात मिनिटं."

"साडेसात वाजून गेल्यात गं!"

"भुकेल्याला लगीच पळाय लावलं तर पडंल, आत्ती."

धोंडुबाई थांबली. आयुष्यात तिला जमली नव्हती ती एवढीच गोष्ट. ट्रॅक्टर धडधडत होता, पोत्यांतनं पाणी ठिबकत होतं, सातव्या कॅनवर ऊन चढत होतं. मग वर्षाराणीनं किल्ली फिरवली. गाडी खोकली. तिनं सोडून दिलं, थोडं थांबली, परत फिरवली. इंजिन गदगदलं, धूर सोडला आणि लागलं.

माणसांनी हुश्श केलं. कुणीतरी चिमटे ओढायला धावलं, तर धोंडुबाईच ओरडली, "हात लावू नगा! आधी ती बघंल." वर्षाराणीनं उलट्या क्रमानं सोडवलं. आधी बोल्टावरचं काळं, मग ट्रॅक्टरचं काळं, मग ट्रॅक्टरचं लाल, मग आपलं. चार चिमटे चार दिशांना धरून वायर गुंडाळली.

"आत्ती, तुम्हीबी चला. तिथं गाडी बंद करायची न्हाय. मी कॅन उतरवताना कुणीतरी बसाय पायजे."

चप्पल कुठली घातली तेही न बघता धोंडुबाई चढली.  शेवटच्या वळणावर उदयसिंहचा डंपर खडी ओतत उभा होता. धोंडुबाईनं खिडकीतनं हात बाहेर काढला आणि त्याला नुसता दाखवला.  तेवढंच पुरे होतं.

आठ वाजून चोवीस मिनिटांनी शीतकेंद्राच्या दारात गाडी थांबली. इंजिन गुरगुरत ठेवून धोंडुबाई आत बसली, दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून, जणू ते सोडलं तर गाडी परत निजेल. तिथला माणूस एकेक झाकण उघडून वास घेत गेला. पहिला आत. दुसरा आत. सहावा आत. सातव्यापाशी तो थांबला, परत वाकला.

"हे नासाय लागलंय, बाई. माघारी न्या."

"न्हेते की," धोंडुबाई वरनं म्हणाली. "घरचंच हाय ते. वाडीचं सहाच्या सहा घेतलंस न्हवं? मग झालं."

परतीच्या वाटेवर ऊन चांगलं तापलं होतं. मागं एकच कॅन डुचमळत होता. त्याचा खवा करावा की कलाकंद, ह्यावर तिचं डोकं चालायला पाहिजे होतं, पण चालत नव्हतं. ओढ्याच्या पुलापाशी वर्षाराणीनं गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

"आत्ती, आता खटका फिरवला तर चालतंय. पहिलीत बऱ्यापैकी भरलंय. घरापातूर दुसरीबी जरा भरंल. सांजला वरच्या वाडीवर जायाचं हाय." तिनं समोर रस्त्याकडंच बघत सांगितलं. "तुम्हीच फिरवा. ठाऊक हाय तुम्हाला."

धोंडुबाईचा हात सीटखाली गेला. तोच खटका, काल चिकट बोटांनी धरलेला. तिनं फिरवला. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला, नांगराला माती लागल्यावर बैलाचा श्वास होतो तसा, आणि परत सरळ झाला.  मग ताठ बसली, पदर सावरला आणि सुनेकडं पूर्ण वळली.

"काल खटका मी फिरवला. दिवा मीच रातभर ठेवला. कुंकू तर माझंच. तुला सकाळी सात वाजताच कळलतं, तरी म्हणालीस, व्हतंय असं कधीकधी. आन मी गप बसले, म्हणून आकारामाचं डोळं जायची येळ आली. तुझं वागणं मला आधीबी पटत नव्हतं आन आताबी न्हाय. पर आधीचं ते माझं चुकलं, आन तुझ्या आप्पांच्या डोळ्यावरनं बोलले, त्याबद्दल त्यांना मी फोन करणार हाय. आताचं सांगते ते नीट ऐक. बघतीस सगळं, आन बोलत न्हाईस, ही खोड वाईट. हितनं पुढं सासू चुकली की तिथंच बोलायचं. चार माणसांत, मोठ्यानं. मी शिव्या दीन. दीनच. तू थांबायचं न्हाय. कळलं? आन तो खडू कुठं ठेवलाईस, दे हिकडं. ह्या खटक्यावर आजची रेघ मी मारणार."